मेढ्यावरनं आणलेली बैलजोडी

(उंब्रजजवळचं एक गाव. उद्या रंगूबाईचा तेरावा. अंगणात तिचा थोरला दीर जोतीराम, नवरा धनाजी आणि मुलगी शिवांजली; तिच्या हातात श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा मजकूर.)

जोतीराम : आगं, पर 'शेतकरी' काय लिवतीस? बाईमाणूस व्हती ती.

शिवांजली : मग काय लिवू, तात्या?

जोतीराम : फ्लेक्सवाल्यानं धाडलंय तेच झ्याक हाय. 'सुभेदार धनाजी डुबल यांच्या धर्मपत्नी, प्रेमळ गृहिणी.' हे बघ, फोटो बी सोभून दिसतोय.

शिवांजली : प्रेमळ? आय? ऊसतोडीला टोळी उशिरा आली तर मुकादमाला हायवेपतोर पळवत न्यायची ती.

जोतीराम : गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, पोरी.

शिवांजली : चांगलंच बोलतीया मी.

जोतीराम : शेतकरी म्हंजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव. ते तुज्या बाचं हाय.

शिवांजली : सातबाऱ्यानं उसाची लागण केली? थंडीत कुडकुडत पाणी पाजलं? अण्णा फौजेत, कवा आसामात, कवा काश्मिरात. रान कुणी केलं?

जोतीराम : रान मला वाट्यानं दे म्हणालो व्हतो मी.

शिवांजली : आन ती न्हाई म्हणाली, तवा तुमी तिला बैलं दिली न्हाईत.

जोतीराम : बाईच्या हातात नांगर कसा द्यायचा? पाऊस रुसतो म्हणायची लोकं. देवळात बोलावून बसवलं तिला. मी बी व्हतो तिथं.

शिवांजली : मग सांगा की, काय म्हणाली ती.

जोतीराम : तुला ठावं हाय.

शिवांजली : तुमच्या तोंडनं ऐकायचंय.

जोतीराम : म्हणाली, 'पाऊस रुसला तर त्याला माज्या दारात धाडा, मी बोलती त्याच्यासंगं. पर माजं रान पडीक ऱ्हाणार न्हाई.' डोईचा पदर बी ढळला न्हाई बघ. उठली आन माहेरची वाट धरली.

शिवांजली : मेढ्याची.

जोतीराम : व्हय. परत आली ती भावाची बैलजोडी हाकत. डोंगर उतरून, पार साताऱ्यावरनं, चालत.

शिवांजली : आन मी तिच्या पोटात.

जोतीराम : सगळा गाव वेशीत उभा. ती सरळ रानात गेली आन नांगर धरला.

शिवांजली : आन पाऊस?

जोतीराम : उशिरा आला त्या साली.

शिवांजली : म्हंजे आला.

जोतीराम : आला की. पर उशीर तिच्याच माथी मारला गावानं.

शिवांजली : दुसऱ्या साली तुमचा पाय मोडला. तवा तुमचं रान कुणी नांगरलं?

जोतीराम : आता सगळंच उकरून काढतीस व्हय गं? तिनंच नांगरलं. कुणी सांगितलं नसताना. वर दारात येऊन म्हणाली, 'आवं तात्या, आता तुमचं बी रान बाटलं बघा.'

शिवांजली : आन तरी 'गृहिणी'?

जोतीराम : तुला कळंना झालंय. फ्लेक्स हायवेच्या पुलापाशी लागणार. पै-पावणं बघणार. सुभेदारानं बायकोच्या जिवावर खाल्लं म्हणतील. धनाजी, आरं तू तरी सांग की लेकीला.

धनाजी : त्यात खोटं काय म्हणतील?

जोतीराम : आँ?

धनाजी : छुट्टीवर यायचो. सकाळी उठून तिला विचारायचो, 'आज ड्यूटी काय?' ती सांगंल ते करायचो. रिटायर होऊन आलो, तरी तेच. युनिटमधी जवान मला साहेब म्हणायचे. रानात साहेब ती व्हती.

जोतीराम : हे गावाम्होरं बोलशील?

धनाजी : उद्या माईकवर बोलणार हाय. आन माजं नाव काढा त्यातनं.

जोतीराम : लोकं हसतील रं.

धनाजी : हसू द्यात. तिला बी हसलेत.

शिवांजली : अण्णा…

धनाजी : रडू नगं. तिला खपायचं न्हाई. तात्या, फ्लेक्सवाल्याला फोन लावा.

जोतीराम : मी?

धनाजी : थोरलं तुमी हायसा. तुमीच सांगायचं.

जोतीराम : …हॅलो. जोतीराम डुबल बोलतोय. आवं, त्या आमच्या फ्लेक्सवरचं धनाजीचं नाव आन 'धर्मपत्नी' काढा. 'गृहिणी' बी काढा. लिवा, रंगूबाई डुबल. आन त्याखाली, शेतकरी. …न्हाई वो, चुकत न्हाई मी. …न्हाई, नवरा न्हाई. तीच.