टर्बो मागे बसवायचा आहे

—वाकू नकोस रे, वाकू नकोस, तिथूनच बोल. मला ऐकू येतंय. तुझ्या चपला दिसतायत, तेवढं पुरे. अक्रमच ना तू? मीरासाहेबांचा मुलगा, दौंडचा? मीच फोन केला होता. आणि हा पोत्यात आहे तोच टर्बो ना, छोट्या ट्रकाचा? ठेव. मातीत नको, माती जाईल आत, पोत्यावरच ठेव. मी येतो बाहेर. येतो की. माप घेतोय जरा. गाडीखाली शिरलं की सगळं नीट दिसतं—वरून काय, नुसता पत्रा दिसतो.

तुला वाटत असेल, हा म्हातारा टर्बो मागे कशाला बसवतोय. तुझ्या वडिलांनाही फोनवर तेच वाटलं, हसले ते. पण बघ, या जुन्या अँबॅसिडरचं इंजिन डिझेलचं, पुढे त्याच्या अंगाला चिकटून टर्बो बसवायचा तर धुराचा सगळा रस्ता नवा ओतून घ्यावा लागतो. मला ते परवडत नाही. आणि मागे, सायलेन्सर काढला की आयती जागा. धूर तिथून जातोच आहे. त्याच्या जोरावर एक पंखा फिरेल, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो हवा दाबून पुढे इंजिनात धाडेल—तुला काय सांगतोय मी, तुझा तर धंदाच हा! पण मला सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय येत नाही. जन्म गेला इंजिनं शिकवण्यात. माझे वडील मेंढरं घेऊन घोडनदीच्या काठानं इनामगावपर्यंत जायचे, आणि मी पीएच.डी. झालो, उष्णतेत. आई म्हणायची, उन्हात फिरायचं ते बापानं, आन् उन्हावर पुस्तक लिव्हायचं ते पोरानं. असो. हवा दाबली की तापते, पण मागून पुढे येईस्तोवर नळीत आपोआप गार होते, म्हणजे गार करायचा वेगळा डबा नको. स्वस्त. सगळं स्वस्त. फक्त तेल—तेलाचं मला कोडं आहे. इंजिनातलं तेल मागे टर्बोला पाठवता येतं, पण टर्बो खाली, इंजिन वर, गेलेलं तेल आपल्या पायानं परत येत नाही. त्याला पंप लागतो. आणि पंप बंद पडला तर? तर टर्बो तेलानं भरेल, ते तेल हवेबरोबर इंजिनात जाईल, आणि डिझेल इंजिन तेलावरही चालतं बघ—मग किल्ली काढली तरी थांबत नाही, वेडं होऊन फिरत राहतं. मी शिकवायचो हे. मुलं हसायची. मला मात्र घाम फुटायचा.

काय म्हणालास? पाणी? नको. पाणी नको. पाणी प्यायला मान उचलावी लागेल, आणि मान उचलायला—काही नाही. तहान नाही मला.

हे सगळं कशासाठी, विचार ना. विचारलं नाहीस, पण विचार. शर्यत लावायचीय का मला? न्हावऱ्यापासून पुढे उसाच्या ट्रॉल्या लागतात, तू आत्ता त्यांच्याच मागून आला असशील. एकामागे एक, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर मोळ्या रस्त्यावर झुकलेल्या. त्यांना ओलांडायला गाडीत दम लागतो. माझ्या गाडीत नाही. मी मागे मागे जातो, पाचट उडून काचेवर बसतं, आणि दौंड येईपर्यंत निम्मा दिवस गेलेला असतो. आणि सोपानची, माझ्या मुलाची, एकच अट आहे, दिवेलागणीच्या आत घरी. डोळ्यांना अंधारात कमी दिसतं ना मला. अट बरोबरच आहे त्याची. म्हणजे दौंडला पोचायचं, टेकायचं आणि उठायचं. कुशा म्हणते—कुशाबाई, माझी बायको, ती तिकडं असते, मुलीकडे—म्हणते, तुम्ही येता आन् घड्याळ बघता. घड्याळ बघायला दौंडाला कशाला यायला पायजे, शिरूरला घड्याळं न्हाईत व्हय? टर्बो बसला की ट्रॉल्या मागे पडतील. एक तास वाचेल, माझ्या हिशेबानं. हिशेब चुकला असेल तर थोडा कमी. पण तिच्या हातचं जेवून उठता येईल.

नाही, भांडण नाही आमचं. छे! मुलीची पोरं लहान, जावई रेल्वेत, म्हणून आई तिकडं. सोपान रांजणगावला कंपनीत पाळीला, सून शाळेत शिकवते, दिवसभर घराला माणूस हवं, म्हणून मी इकडं. वाईट कुणीच नाही रे यात. वाटणी झाली, एवढंच. मोठं पातेलं तिकडं, परात इकडं.

एसटी आहे, माहीत आहे मला. न्हावऱ्याला बदलायची, पुढे उभं राहून जायचं, माझा गुडघा—जाऊ दे. टर्बो दाखव. इकडं सरकव, हाताला लागेल असा. आणखी. हं. वा! बोटानं फिरवला तरी फिरतोय बघ, आवाज नाही, खेळ नाही दांड्यात. छान ठेवलाय वडिलांनी. अरे, बाहेर येऊन बघा काय म्हणतोस सारखा? येतो म्हटलं ना!

अक्रम, तो जॅक तुला कसा दिसतो? तिरका? किती तिरका? हं. मला इथून वाटलंच.

सांगतो. पण ओरडू नकोस, शेजारच्या खिडकीत माणसं असतात. मी अडकलोय. लागलं-बिगलं काही नाही, श्वास घेता येतो, बोलतोय ना तुझ्याशी? सून गेल्यावर मी खाली शिरलो, सायलेन्सर कापला, तो बघ पायाशी पडलाय, आणि तेवढ्यात जॅक मातीत रुतला. गाडी बसली. स्टेपनी आडवी सारून ठेवली होती म्हणून तिच्यावर थांबली, नाहीतर आज तुला चपला काढूनच आत यावं लागलं असतं. स्टेपनी घालायची अक्कल होती, आणि जॅकखाली फळी घालायची नव्हती! सुनेनं सकाळी अबोलीला पाणी घातलं, ते पाझरत इकडं आलं, मी डोळ्यांनी बघितलं ओल आलेली, आणि त्याच ओलीवर जॅक ठेवला. भार तोच, टेकण लहान, की दाब जास्त—पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचो मी हे, फळ्यावर आकृती काढून.

फळी भिंतीशी आहे, बघ. मिळाली? थांब. लगेच नको. तू जॅक काढलास आणि स्टेपनी सरकली तर? नाही सरकणार. पण सरकली तर? दुसरा जॅक आणावा का बाजारातून? पण तेवढ्यात कंपनीची बस येईल. घाल फळी. नको, थांब—आधी त्या बाजूच्या चाकाला दगड लाव. लावलास? आता उचल. नाही नाही नाही, हात काढ! मला वाटलं, हललं काहीतरी. नाही हललं? मीच दचकलो असेन. असा आहे मी. ट्रॉलीला ओलांडतानाही असंच होतं, जाऊ का नको, जाऊ का नको, तोवर समोरून गाडी येते. तिथं टर्बो काय करणार म्हणा.

हे नव्हतं बोलायचं मला.

सोपाननं सांगून ठेवलंय, आप्पा, आजून एकदा या गाडीपायी काय झालं ना, तर मी हिला भंगारात घालीन. फाटकाला घासली होती ना मागे, तेव्हा. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की संपलं. मग कुठलं दौंड? मग मी आणि ही भिंत. म्हणून म्हणतोय, तो यायच्या आत—

ऐकलास हॉर्न? कोपऱ्यावर थांबते ती बस. तो तिथून चालत येतो.

उचल. पटकन—नाही. अक्रम, ऐक. ठेव तो दांडा खाली. माझं जरा चुकलंय कुठंतरी. मी इतकी गणितं मांडली, हवेची, तेलाची, नळीच्या लांबीची, आणि एक साधं वाक्य सोपानला बोललो नाही. आईला इकडं आण. एवढंच. पोरांना सांभाळायला मुलीकडे बाई ठेवता येईल, इकडंही काही करता येईल, तो नाही म्हणेल कदाचित, पण मी विचारलंच नाही कधी. का? बाहेर आलो की मला त्याचं तोंड दिसतं. दमलेलं असतं. आणि मग मी म्हणतो, चहा झाला का रे? रोज असंच. आज मला त्याचे फक्त बूट दिसणार आहेत.

तू जा आता. खरंच जा, रागावलो नाही. टर्बो पोत्यात घाल, जपून ने, चांगला आहे. वडिलांना सांग, सरांचं अजून ठरत नाही. फळी तिथंच असू दे. मागच्या बाजूनं जा, तिकडं फाटक उघडं आहे. जा, जा बाबा.

कोण, सोपान? वाकू नकोस. उभाच राहा तिथं, मला काही झालेलं नाही. नाही, ओरड नंतर. गाडी घाल भंगारात, नंतर. आधी माझं ऐक. तुझ्या आईला इकडं घेऊन ये. मला तिच्याबरोबर राहायचंय.

झालं, एवढंच होतं. आता फळी घाल आणि काढ मला.