राखीव दहा टक्के

सत्यशीला : अजून दहा टक्के दिसतायत की.

रंगनाथ : ते वापरता येत नाहीत. दहावर आली की ट्रेलरची बॅटरी आपली आपण बंद होते.

सत्यशीला : मग ते दहा कोणासाठी ठेवलेत?

रंगनाथ : बॅटरीसाठीच. पार रिकामी झाली तर खराब होते ती.

सत्यशीला : छान. म्हणजे माझा फोन बंद, फ्रिज बंद, दूध नासणार, आणि बॅटरी सुखात.

रंगनाथ : काल संध्याकाळी ऐंशी होते. मी स्वतः पाहिलं. एका रात्रीत सत्तर टक्के गेले कुठे?

सत्यशीला : पानशेतच्या मागे या माळावर चिटपाखरू नाही. चोरणार तरी कोण.

रंगनाथ : काय?

सत्यशीला : काही नाही.

रंगनाथ : तो फ्रिज एवढा खात नाही. दोन दिवे लावले होते, तेही नऊला बंद केले. माझा फोनसुद्धा लावला नव्हता, चार टक्के उरलेत त्यात. तेवढ्यात श्यामलाताईंना एक फोन करून घेतो.

सत्यशीला : मी म्हणतच होते, सकाळचे नऊ वाजून गेले, अजून नाव कसं निघालं नाही.

रंगनाथ : अगं, या ट्रेलरचं सगळं वायरिंग त्यांनी करून दिलंय. मग विचारायचं कोणाला?

सत्यशीला : करून दिलंय. अकरा रविवार. वारज्याहून विश्रांतवाडीला तिच्या घरी, अकरा वेळा. आणि दर वेळी इस्त्रीचा शर्ट. वायरी जोडायला इस्त्रीचा शर्ट लागतो हे मला नव्हतं माहीत.

रंगनाथ : त्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. सहा वर्षं स्वतःचा ट्रेलर घेऊन एकट्या हिंडतायत. मी पस्तीस वर्षं लेथवर काढली. लोखंड कळतं मला. चाकापासून छतापर्यंत हा ट्रेलर मी बांधला की नाही? पण सोलर, बॅटरी, हे माझं काम नाही.

सत्यशीला : मुलगी आयटीत आहे तुमची. राजनंदिनीला विचारायचं.

रंगनाथ : तिच्या घरचा बल्बसुद्धा अभिनव बदलतो.

सत्यशीला : मग अभिनवला. जावई काय नुसता जीप लावून ट्रेलर ओढायलाच आहे का? आपल्याला इथं सोडून गेला, तेव्हा विचारलं असतंत.

रंगनाथ : तो आता रविवारी न्यायला येईल. आज शुक्रवार. दोन दिवस फोनशिवाय राहायचं का? काही झालं तर?

सत्यशीला : काय व्हायचंय? करा तुम्ही फोन. आणि माझ्यासमोर ताई-ताई कशाला? तिच्याशी बोलताना नुसतं श्यामला म्हणता. गॅलरीत उभे राहून बोलत होतात, मी वाळत घालत होते.

रंगनाथ : त्याच म्हणाल्या, ताई नको, मी तुमच्यापेक्षा लहान आहे.

सत्यशीला : किती?

रंगनाथ : नऊ वर्षांनी.

सत्यशीला : तेही माहीत आहे.

रंगनाथ : निघालं बोलण्यात.

सत्यशीला : निघतं ना. आपल्या घरात काही निघत नाही. आपल्या घरात तुमची ती कानातली दोन यंत्रं डबीत असतात. मी चहा घेता का विचारलं की काय? भाजी कोणती आणू, की काय? आणि तिचा फोन वाजला की आधी डबी उघडायची, कानात घालायचं, मग हॅलो.

रंगनाथ : घरात यंत्र लावलं की कुकर, मिक्सर, टीव्ही, भांडी, सगळं एकदम डोक्यात येतं. दुखतं मला.

सत्यशीला : मीही त्या भांड्यांतच येत असेन.

रंगनाथ : काय म्हणालीस?

सत्यशीला : म्हटलं, करा फोन.

रंगनाथ : करतो. पण माझ्या यंत्रांचा चार्जर कुठाय? काल मी इथं प्लगला लावून झोपलो होतो. इन्व्हर्टरला एकच प्लग आहे. इथं तर ही कुठली वायर… सत्यशीला, ही गरम चादर आहे.

सत्यशीला : हो.

रंगनाथ : विजेवरची. ही मी निघताना कपाटात परत ठेवली होती. तुला सांगितलं होतं, गरम होणारी कुठलीही वस्तू इथं चालणार नाही.

सत्यशीला : तुम्ही नाही सांगितलंत. तिनं सांगितलं, ते तुम्ही मला वाचून दाखवलंत.

रंगनाथ : रात्रभर चालू होती?

सत्यशीला : रात्रभर.

रंगनाथ : थंडी वाजत होती तर मला उठवायचं. रजई होती.

सत्यशीला : थंडी वाजत नव्हती. घामानं भिजले होते मी.

रंगनाथ : मग?

सत्यशीला : मला बघायचं होतं, तिनं केलेलं बंद पडतं का.

रंगनाथ : आणि माझा चार्जर काढून ठेवलास.

सत्यशीला : प्लग एकच होता.

रंगनाथ : तुला कळतंय का तू काय केलंस? उजव्या यंत्रात कालचं थोडं उरलंय म्हणून मी तुझ्याशी बोलू शकतोय. दुपारपर्यंत तेही जाईल.

सत्यशीला : जाऊ दे. घरी कुठे लावता. आणि डावं आहेच की.

रंगनाथ : डावं नुसतं शोभेला लावतो.

सत्यशीला : म्हणजे?

रंगनाथ : काही नाही. जाऊ दे.

सत्यशीला : नाही, आता जाऊ द्यायचं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. तुम्ही आंघोळीला गेला होतात, मी उचलला. माझा आवाज ऐकायच्या आधी ती म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले? मी हॅलो म्हटलं, तर ठेवून दिला. तेव्हापासून मी थांबलेय. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. दिवाळी गेली. डॉक्टर काय म्हणाले हे विश्रांतवाडीला माहीत आहे, आणि मी ओट्यापाशी उभी राहून तुमच्या पथ्याचं करतेय.

रंगनाथ : तू तेव्हाच विचारायचंस.

सत्यशीला : मी का विचारू? तिला विचारावं लागलं होतं का?

रंगनाथ : हो. तिनं विचारलं होतं.

सत्यशीला : काय?

रंगनाथ : तिच्या गॅरेजमध्ये बॅटरी जोडत होतो. बॅटरी उतरली की शिट्टीसारखा आवाज होतो तिचा. तो होत होता, आणि मी तसाच बसून होतो. ती बघत राहिली. मग म्हणाली, रंगनाथराव, हा आवाज तुम्हाला येत नाहीये ना? नाही म्हटलं. तिनं दुसऱ्या दिवशी शिट्टी काढून तिथं लाल दिवा बसवला. हा बघ. म्हणून इथं सगळ्याला दिवे आहेत.

सत्यशीला : आणि डॉक्टर?

रंगनाथ : डावा कान गेला. आता परत येणार नाही. उजवा हळूहळू जाईल. चार वर्षं म्हणाले, पाच म्हणाले. नक्की कोणी सांगत नाही.

सत्यशीला : आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

रंगनाथ : नाही.

सत्यशीला : बेचाळीस वर्षं झाली आपल्याला.

रंगनाथ : म्हणूनच नाही. तुला तात्या आठवतात?

सत्यशीला : तुमच्या वडलांचा काय संबंध इथं?

रंगनाथ : त्यांना ऐकू येईनासं झालं, त्यानंतर चार वर्षं होते ते आपल्याकडे. त्या चार वर्षांत तू त्यांच्याशी तीन शब्द बोललीस. जेवा. औषध. झोपा. तेही ओरडून.

सत्यशीला : सगळं मीच केलं त्यांचं. तुमची कारखान्यात पहिली पाळी, दुसरी पाळी. अंगपुसणंसुद्धा मी केलं.

रंगनाथ : केलंस. मी नाही म्हणत नाही. कमी काही केलं नाहीस. पण त्याआधी तुम्ही दोघं रोज पेपरवरून भांडायचात. आठवतं? ते बंद झालं. मी ते बघत होतो. तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मी तात्या झालो असतो.

सत्यशीला : असं कशावरून?

रंगनाथ : तुझं खरं बोलणं हळू असतं. मोठ्यानं तू फक्त कामाचं बोलतेस. जे टोचून बोलतेस, ते पुटपुटतेस. मार्चपासून ते मला ऐकू येत नाही. तुझ्यातलं तेच सगळ्यात आधी गेलं.

सत्यशीला : मग मी इतके महिने कोणाशी भांडत होते?

रंगनाथ : मला तोंडावरून अंदाज यायचा.

सत्यशीला : आणि तिला हे सगळं सांगितलंत. तात्यांचंसुद्धा?

रंगनाथ : नाही. तात्यांचं नाही.

सत्यशीला : नक्की?

रंगनाथ : ते घरातलं आहे.

(रंगनाथच्या हातातला फोन वाजतो. सत्यशीला तो घेते आणि स्पीकर लावते.)

श्यामला : रंगनाथराव, गुड मॉर्निंग. काय म्हणतेय बॅटरी?

सत्यशीला : मी सत्यशीला बोलतेय. बॅटरी दहावर येऊन बंद पडली. मी रात्रभर विजेची गरम चादर लावली होती. मुद्दाम.

श्यामला : बरं. किती वॅटची?

सत्यशीला : ते मला काय माहीत?

श्यामला : साधारण शंभराची असेल. मग हिशेब जुळतो. घाबरू नका, बॅटरी बिघडलेली नाही. ऐका, फोन किती आहे?

सत्यशीला : दोन टक्के.

श्यामला : मग पटकन. ट्रेलर झाडाखाली आहे का?

सत्यशीला : मलाच सावली हवी होती.

श्यामला : चालेल. छतावरचं पॅनेल दोन खिट्ट्या काढल्या की सुटतं. ते उन्हात ठेवायचं, झाडाची सावली जराही पडता कामा नये. लांब वायर तुमच्या बिछान्याच्या डोक्याकडे फळी आहे, तिच्या मागे आहे. फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद. तास-दीड तासात वीस टक्के होतील. मग आधी कानाचा चार्जर, नंतर फोन. कानाला फार थोडं लागतं.

सत्यशीला : आमच्या बिछान्यामागे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.

श्यामला : मीच ठेवलंय ते. ताई, एक बोलू? त्या दिवशी मी फोन ठेवून दिला, ते चुकलंच माझं. मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं, हे तुम्ही घरी सांगायला…

रंगनाथ : काय म्हणत होती?

सत्यशीला : बंद पडला फोन.

रंगनाथ : शेवटचं काय म्हणाली? मला नीट आलं नाही.

सत्यशीला : म्हणाली, पॅनेल उन्हात ठेवा. खिट्ट्या काढा तुम्ही. मी ती फळीमागची वायर बघते.

रंगनाथ : जपून. कडेला पत्रा लागेल.

सत्यशीला : सापडली. चिठ्ठी बांधलीये तिला. लाल लालला, काळी काळीला. अक्षर चांगलं आहे बाईचं.

रंगनाथ : शिकवायची ना.

सत्यशीला : कळलं. धरा हे टोक. अजून पुढे, इथं फांदीची सावली येतेय. आता?

रंगनाथ : थांब, आत जाऊन बघतो. हां, लागला हिरवा दिवा. दहाचे अकरा व्हायला वेळ लागेल थोडा.

सत्यशीला : होऊ दे. बसा इथं. त्या बाजूला नको, माझ्या डावीकडे बसा, म्हणजे उजवा कान इकडे येईल. आता येतंय ऐकू?

रंगनाथ : येतंय. ओरडू नकोस.

सत्यशीला : ओरडत नाहीये. हे माझं नेहमीचं आहे.

रंगनाथ : मग ठीक आहे.

सत्यशीला : डॉक्टरांकडे परत कधी जायचंय?

रंगनाथ : एकवीस तारखेला. सकाळी अकराला.

सत्यशीला : तिला सांगितलीये तारीख?

रंगनाथ : नाही अजून.

सत्यशीला : मग नका सांगू.