केसभर डावीकडे

नाही बाई, असा हातात धरू नका फोटो, बोटं उमटतात. इथे ठेवा, कापडावर, दिव्याखाली. आणि खुर्ची जरा मागे घ्या, सावली पडते. हां. आता बघतो. — माणूस पांढऱ्या जाडजूड पोशाखात, पेन हवेत तरंगतंय, आणि घड्याळ बाहीवरून बांधलंय, हातभर लांब पट्टा लावून. त्या बाहीला साधा पट्टा पुरणार कसा? एवढं कुणालाही दिसतं. तुम्ही विचारताय ते वेगळं — हा लांब काटा बाराच्या केसभर डावीकडे का? चालता चालता फोटोत सापडला असेल, असं तुमचे शहाणे म्हणतात? म्हणू देत. तीन फोटो आणलेत ना? पहिल्यात वाजलेत सव्वाचार, दुसऱ्यात पावणेसात, तिसऱ्यात दहा. आणि हा तिन्हीत तिथेच. चालता काटा तीनदा एकाच जागी सापडतो होय? हा मोजणीचा काटा. वरचं बटण दाबलं की धावतो, खालचं दाबलं की घरी येतो. घर म्हणजे बारा. हा घरी आलाय, पण उंबऱ्याबाहेर उभा आहे. बसवतानाच तिरका बसवलाय. झालं. लिहून घ्या.

आणखी काय? — माझ्या धाकट्या भावाबद्दल? त्याच्याबद्दल मी काय सांगणार? त्याच्याकडे दोन दिवस बसून आलात, माझ्या वाट्याला गाडी सुटायच्या आधीचा तास. चालायचंच. सगळे असेच येतात. वर्तमानपत्रवाला आला, त्यानं दारातूनच विचारलं, अंतराळातल्या घड्याळांचे ते तज्ज्ञ लहानपणी इथेच राहायचे ना? पाटीवर नाव कुणाचं आहे ते वाचलं नाही. मी बसलो होतो समोर, माझा फोटो नाही काढला, स्टूलचा काढला — धाकटा लहानपणी त्यावर बसायचा म्हणे. बसायचा! महिनाभर बसला. नाही, मला पोटात दुखतंय असं समजू नका. मला काय कमी आहे? साठ वर्षं झाली याच स्टूलवर, एक घड्याळ परत आलं नाही.

हे वडिलांचं दुकान. आम्हा दोघांना त्यांनी एकदमच बसवलं. पण धाकट्याच्या बोटांना घाम यायचा — पोलादाला घाम लागला की आठवड्यात गंज. महिनाभर बघितलं वडिलांनी, मग म्हणाले, याला जाऊ दे शाळेत. आणि माझे हात कोरडे — बघा, अजून आहेत — म्हणून मला चौथीतून काढलं. कळलं का? चांगल्या हाताला स्टूल, वाईट हाताला पुस्तकं. ती पुस्तकं चढत चढत तो पोचला कुठे, तर जिथून माणसं आकाशात सोडतात तिथे. करायचा काय? घड्याळं भट्टीत ठेवायची, बर्फात ठेवायची, हवा काढलेल्या डब्यात ठेवायची आणि कागदावर टिपायचं, चाललं, नाही चाललं. ते मलाही आलं असतं. टिपणं नसतं आलं, एवढंच.

काट्याबद्दल काय म्हणाला तो? — 'माझ्या हातून तिरका बसला'? असं म्हणाला? स्वतःच्या तोंडानं? मग छापा ना. ठळक छापा. एवढा मोठा माणूस, नि साधा काटा... — थांबा. लिहू नका ते. पेन खाली ठेवा आधी. त्यानं बसवला? अहो, जन्मात एक काटा बसवलेला नाही त्यानं!

मी बसवला. रविवार होता. रुमालात बांधून आणलं घड्याळ, काटा सैल झालेला, त्यांच्याकडचा काटेवाला आजारी, सोमवारी द्यायचं. परवानगी कसली असणार, तसाच घेऊन आला. 'दादा, तुझ्या हातून बसू दे.' आणि मी काम करतोय तर हा शेजारी सुरू — हे कुणाच्या हाताला बांधणार, किती उंच जाणार, साहेबानं पाठ कशी थोपटली. मी चिमट्यात काटा धरलेला. म्हटलं, जरा उतरू दे याची मिजास. केसभर सरकवला आणि दाबला. मुद्दाम. माझा हात हलला असं कुठे छापलंत तर बघा — माझा हात हलत नाही. त्यानं भिंग लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाला, 'छान बसलाय, दादा.' मी मनातल्या मनात हसलो, म्हटलं, याला हात नाही, डोळाही नाही. चाळीस वर्षं हसतोय.

काय? बोलणी खाल्ली त्यानं? — त्या काट्यावरून? लेखी? बढती थांबली दोन वर्षं? मला नाही बोलला कधी. मग बसवून का नाही घेतला दुसऱ्याकडून? एका मिनिटाचं काम... — का नाही ते मला माहीत आहे. आमच्या घरात एक नियम होता. ज्यानं काटा बसवला त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावला, तर त्याचा अर्थ, तुला काम येत नाही. वडील हयात असताना आम्ही कुणी तो मोडला नाही. म्हणजे दिसलं होतं त्याला. दिसलं, आणि हात लावला नाही, लावू दिला नाही, वर जाऊ दिलं तसंच.

बघा, तिथेही तोच मोठा झाला.

नाही, लिहा तुम्ही. घ्या पेन. काटा थोरल्यानं बसवला. मुद्दाम तिरका. 'मुद्दाम' गाळू नका, नाहीतर लोक म्हणतील, याला येत नव्हतं. शाळा त्याची, साहेब त्याचा, आकाश त्याचं — त्या अख्ख्या आकाशात माझं काय आहे? हे, केसभर. आणि तेही आपल्या नावावर सांगतो? कुणी सांगितलं होतं याला?

— त्यानंच पाठवलं तुम्हाला? 'दादाला फोटो दाखवा', एवढंच म्हणाला? आणखी काही नाही?

जा आता. गाडी चुकेल तुमची. — दोन घेऊन जा, हा एक राहू द्या. हात नका लावू त्याला, राहू द्या म्हटलं ना. आणि दार ओढून घ्या जाताना.