सांगितलं नव्हतं, विचारलं होतं

(इंडोनेशियातलं सोलो शहर. बाटिकच्या कारखान्यामागची ओसरी, दुपार. वेनिंग रंगखात्याची नवी प्रमुख. सुलास्त्री तिची कोच, वयाने आईएवढी. इथं वडीलधाऱ्या बाईला ‘इबू’ किंवा ‘बु’ म्हणतात, पुरुषाला ‘पाक’.)

वेनिंग : …म्हणून आज सकाळी देऊन टाकला राजीनामा. तुम्ही सांगितलंत तसं.

सुलास्त्री : मी? मी कधी सांगितलं गं?

वेनिंग : गेल्या गुरुवारी. ‘ही नोकरी सोडलीस तर काय करशील?’ असं म्हणालात ना.

सुलास्त्री : अगं, ते विचारलं होतं.

वेनिंग : इबू, आमचे बाबा ‘दार उघडं आहे का?’ असं विचारतात, तेव्हा आम्ही उठून दार लावतो. मोठी माणसं सांगत नाहीत, विचारतात. तुम्हीही सोलोच्याच ना?

सुलास्त्री : आहे बाई. तिथंच माती खाल्ली मी. पहिल्याच दिवशी तुला समजावायला हवं होतं.

वेनिंग : त्यात काय समजावायचं? ट्रेनर आले, त्यांनी रंगाची मापं शिकवली. निवृत्त झालेले पाक हार्जो भेटले की ‘मी तुझ्या जागी होतो तेव्हा’ सुरू करतात, मग आपण त्यांच्यासारखं करायचं. तुम्ही तर त्यांच्याहून शिकलेल्या. तुमचं ऐकायलाच हवं.

सुलास्त्री : माझं ऐकायचंच नाही. मला रंगातलं ओ की ठो कळत नाही. मी विचारायचं आणि तू तुझंच ऐकायचं, एवढंच माझं काम.

वेनिंग : मग राजीनामा चुकला का? सांगा ना.

सुलास्त्री : ते नाही सांगणार. कागद पुढे ठेवलास तेव्हा काय वाटलं?

वेनिंग : …साहेब वाचत होते. त्यांच्या मागच्या खिडकीतून निळीच्या टाक्या दिसत होत्या. मला रडूच यायला लागलं. आत्ताही येतंय.

सुलास्त्री : मग रड. इथं कुणी नाही.

वेनिंग : मला नाही जायचं, इबू. बु कातिनींनी मला हात धरून शिकवलं. आता त्या माझ्या हाताखाली, आणि त्यांनाच ‘हे कापड पुन्हा बुडवा’ म्हणायला जीभ रेटत नाही. दुखणं तेवढंच. कामावर जीव आहे माझा.

सुलास्त्री : त्यांच्याशी हे कधी बोललीस?

वेनिंग : नाही. …हे सांगताय की विचारताय?

सुलास्त्री : विचारतेय गं पोरी. अगदी खरं.

वेनिंग : मग माझं मी ठरवते. आधी कागद परत आणते. बु कातिनींशी उद्या बोलेन.

सुलास्त्री : चहा ओतलाय. घे आणि जा.

वेनिंग : नको इबू. साहेब आत्ता निघतील.

सुलास्त्री : मोठ्या माणसाने पुढे केलेला चहा नको म्हणतेस?

वेनिंग : हो. आज नको म्हणते.

सुलास्त्री : जा मग. मी पिते दोन्ही.