पुनवेचं पाणी

(करावे गावामागचं तळं. सकाळची वेळ. नामदेव आणि त्याची थोरली, विधवा वहिनी यशोदाबाई गुडघाभर पाण्यात उभे राहून पाणकणसं, तळ्यात माजलेलं उंच पाणगवत, कापताहेत. तळ्याच्या पाहणीला आलेली नमिता काठावर.)

नमिता: वरून नका कापू काका. पाण्याच्या खाली वीतभर जाऊन कापा.

नामदेव: वाकवत नाय गो बाय. कंबर बोलते.

नमिता: कळतंय. पण पाण्यावर बुंधा राहिला की त्यातून मुळांना हवा मिळत राहते. खाली कापलं की ती गुदमरतात.

यशोदाबाई: चार वरसं कापतो आमी. खालनं कापलं, वरनं कापलं, उपटून पन काढलं. एक काढावं तर म्होरल्या साली तीन. या कनसांचा कापूस उडतो नी जिथं बसतो तिथं उगवतो.

नमिता: आणि चिखलाखालून मुळं पसरतात ती वेगळीच, आजी. पण खरं सांगू, दोष या कणसांचा नाहीच. हे रीडिंग बघा. खाडी इथून दोनशे पावलांवर, आणि तळ्यातलं पाणी जवळजवळ गोडं. गटाराचं पाणी आत येतंय, भरतीचं येतच नाही. गोड्या पाण्यात हे माजणारच ना.

यशोदाबाई: तेच सांगत फिरते मी. रस्त्याच्या कंत्राटदारानं तोंड बुजवलं तळ्याचं. तक्रार हाय माजी, सही करून दिलेली.

नमिता: वाचलीये मी. पण ते तोंड नेमकं कुठे होतं, हे कोणीच दाखवत नाही. नकाशात नाही. गावात विचारलं, तर जो तो म्हणतो, आता काय आठवतंय. काका, तुम्हाला?

नामदेव: मी काय सांगू.

नमिता: सोमवारी रिपोर्ट द्यायचाय मला. तोंड सापडलं नाही तर लिहावं लागेल, या तळ्याचा खाडीशी संबंध नाही. मग हे नुसतं डबकं. डबक्यावर भराव पडायला इथे कितीसा वेळ लागतो?

यशोदाबाई: आनि सापडलं तर?

नमिता: तर उघडता येईल. दोन-तीन वर्षं भरतीचं पाणी नीट आत-बाहेर झालं की हे रान मागे हटेल. खारं त्याला सोसत नाही. चिखल मोकळा होईल, त्यात निवट्या मासे येतील, पक्षी उतरतील. मी पलीकडच्या टोकाचं रीडिंग घेऊन येते. तुम्ही बसा जरा, दोघंही दमलाय.

यशोदाबाई: गेली. गुनाची पोर हाय. निवट्या येतील म्हनते. शेवटची निवटी कवा हातानं धरली, ते पन आठवत नाय मना. पाटी भरून बाजारात बसायची मी, माजा पोरगा प्रीतम बाजूला पिशव्या धरून. आता तो न्हावा शेवाला, कंटेनर यार्डात. घरी येतो तो झोपायलाच.

नामदेव: वयनी, काठावर ये. बस जरा.

यशोदाबाई: बसले. बोल.

नामदेव: तोंड कंत्राटदारानं नाय बुजवलं.

यशोदाबाई: मंग कोनी?

नामदेव: मी.

यशोदाबाई: ऊन लागलं का तुला?

नामदेव: सुनयनाची हळद आठव.

यशोदाबाई: माज्या पोरीच्या हळदीचं हयां काय?

नामदेव: दादा जाऊन सा म्हयनं झालेले. कार्य माज्या अंगावर. मंडप घातला तळ्याकाठच्या मैदानात, दुसरी जागा नव्हती. आनि हळद आली नेमकी पुनवेला. राती उधानाचं पानी पंगतीत शिरनार, हे मना आदल्या दिशी समजलं. सकाळी ओहोटीला, भरतीचं पानी आत येतं त्या उघाडीच्या तोंडात मातीच्या गोनी टाकल्या. कमी पडल्या. घराचं काम चालू व्हतं, तिथल्या सिमेंटच्या दहा गोनी आनल्या नी टाकल्या वर. दोन दिसांसाठी.

यशोदाबाई: सिमेंटच्या.

नामदेव: डोकं चाललं नाय. तिसऱ्या दिशी पहार घेऊन गेलो तर दगड झालेला.

यशोदाबाई: मानसं लावून फोडायचं मंग.

नामदेव: लावनारच व्हतो. तवर शेजारचे सोसायटीवाले आले, म्हनले, बरं केलं काका, चिखल गेला, वास गेला. आपली पोरं मैदानात गाड्या लावायला लागली. जो तो खूश. म्हनलं, अमाशेला बघू. मंग म्होरल्या अमाशेला. पयली कनसं आली तवा तूच म्हनालीस, काय ग्वाड दिसतात.

यशोदाबाई: गावदेवीनं त्या राती पानी अडवलं म्हनून चौदा वरसं त्या पुनवेला तिची ओटी भरते मी. तू संगं येतोस. नारळ तू फोडतोस.

नामदेव: व्हय.

यशोदाबाई: तवा तुज्या तोंडातनं शब्द नाय निघाला?

नामदेव: दर वरसाला ठरवून यायचो, आज सांगू. तू हात जोडून उभी असायचीस. भ्यालो मी.

यशोदाबाई: मी दारोदार कागद घेऊन हिंडले. त्या कंत्राटदाराच्या सात पिढ्या काढल्या. चार वरसं माजे हात कापले जातात या पात्यांनी, आनि तू माज्या बाजूला उभा राहून कापतोस.

नामदेव: दुसरं काय करनार व्हतो?

यशोदाबाई: सांगायचं.

नामदेव: व्हय.

यशोदाबाई: राग आलाय मना तुजा. लय आलाय. पन ओरडायला दम नाय उरला.

नामदेव: ती पोर आली की मी सांगतो, जागा दाखवतो. तुजी तक्रार मातर खोटी पडल. गाव हसल तुला.

यशोदाबाई: गप बस जरा.

नामदेव: बसतो.

यशोदाबाई: त्या राती साडेबाराला भरती व्हती.

नामदेव: तुला कसं आठवतं?

यशोदाबाई: खाडीकाठी जल्मले मी. पान्याची येळ कळायला मना घड्याळ लागत नाय. पोरीला हळद लावत व्हते, पायाखालची जमीन कोरडी. पुनवेचं पानी गेलं कुठं, हे मी इचारलं नाय.

नामदेव: कार्याच्या गडबडीत कोनाला सुचतं?

यशोदाबाई: त्या राती नाय सुचलं. दुसऱ्या दिशी? म्हयन्यानं? मैदान कोरडं राहिलं, बरं वाटलं मना पन. देवीच्या नावावर घातलं नी मोकळी झाले. तिला कशाला मधी आनली मी.

नमिता: पलीकडेही गोडंच आहे. आजी, काय झालं? बरं वाटत नाहीये का?

यशोदाबाई: बरी हाय. वही काढ.

नामदेव: ती पान्याची टाकी दिसते ना? तिच्या मागं, कनसांच्या आत जुना दगडी बांध हाय. त्याच्या पोटात तळ्याची उघाडी. भरतीचं पानी तिथनं यायचं. चल, दाखवतो.

नमिता: म्हणजे तुम्हाला माहीत होतं, काका?

नामदेव: माहीत व्हतं.

नमिता: बरं. मी फोटो घेते. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, कधी आणि कोणी बंद केली. आजींच्या तक्रारीत कंत्राटदार आहे, तेच लिहू?

यशोदाबाई: नको.

नामदेव: चौदा वरसं झाली. माजं नाव लिव.

नमिता: काका, नाव गेलं की तुम्हाला नोटीस येऊ शकते. विचार करून सांगा.

नामदेव: विचारच करत आलो आजपतुर. लिव तू.

यशोदाबाई: त्याच्या खाली माजं लिव. लग्न माज्या पोरीचं व्हतं.