गोल पाठीच्या मँडोलिनची हर्राशी

नाही, मला एवढंच सांगा, 'वापराच्या किरकोळ खुणा' म्हणजे काय? किरकोळ म्हणजे किती? मी समजलो, कुठं एखादा ओरखडा असेल, कोण्या म्हाताऱ्याच्या बाहीनं घासून पॉलिश गेलं असेल… आणि खोकं उघडून बघतो तर मँडोलिनची मान एकीकडं, पोट एकीकडं. माणसाचं असं झालं तर पंचनामा होतो हो, आणि तिकडं लिहिलंय 'किरकोळ खुणा'. आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात ते वाक्य, जे मी आता झोपेतसुद्धा म्हणतो: जसं आहे तसं, परत घेतलं जाणार नाही.

तुम्हाला सांगतो, मी आयुष, जवळा बाजारच्या अलीकडं आमचं गाव. सरकारी शिष्यवृत्तीवर थेट जर्मनीला गेलो, सांडपाणी शुद्ध कसं करतात ते शिकायला, आणि परत आलो मँडोलिन घेऊन. हातात नाही, डोक्यात. झालं काय, तिथं एका रविवारी मला कोणी एका जुन्या सभागृहात नेलं. खाणीत कोळसा उपसणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं तिथं जमतात, आणि त्यांच्या पणजोबांनी पाळी संपल्यावर काळे हात धुऊन जी वाद्यं वाजवली, तीच मांडीवर घेऊन वाजवतात. पाठ अशी गोल, अर्ध्या भोपळ्यासारखी, लाकडाच्या पट्ट्या एकीला एक चिकटवलेल्या. आणि वाजवणारे कोण? कोणी उस्ताद नाही, कोणी घराणं नाही, सगळे कामकरी. मी रडलो. शेजारची बाई मला रुमाल देत होती आणि मला दिसत होतं आमचं समाजमंदिर, आमच्या पोरी, आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या जागी तारा… कारण आमची चतुराआत्या, जी एके काळी गायन पार्टीत पेटीवर बसून अख्खं गाव जागं ठेवायची, ती गेल्या जयंतीला कानात कापूस घालून मागच्या खोलीत बसली होती आणि घरावरचे पत्रे डीजेबरोबर गात होते. हे बघायला मी शिकलो?

तर मी आल्या आल्या जाहीर केलं, या वर्षी डीजे नाही. प्रमोददादा, माझा चुलतभाऊ, जयंती समितीचा अध्यक्ष, माणूस सरळ. तो म्हणाला, "आयुष, मला काही तकलीफ न्हाई. जयंतीच्या आधी समाजमंदिरात एक गाणं पुरं वाजवून दाखव. वाजलं तं मिरवणुकीच्या म्होरं आपल्या पोरी. न्हाई वाजलं तं डीजे. मंग तोंड वाकडं करायचं न्हाई."

बराबर आहे की नाही? मी म्हटलं, मान्य.

चतुराआत्या म्हणाली, "नांदेडला नवं भेटत न्हाई का रे?" मी म्हटलं, आत्या, नवं म्हणजे चपट्या पाठीचं, कारखान्यातलं, त्याला इतिहास नाही, त्याला आत्मा नाही. आत्या म्हणाली, "आत्मा तं आपण मानतच न्हाई, बापा."

मग मी जुन्या वाद्यांच्या ऑनलाइन लिलावात, आमच्याकडं म्हणतात त्या हर्राशीत, घुसलो. पहिलं आलं त्याची मान मोडकी, ते सांगितलंच. दुसरं… फोटो सगळे समोरून काढलेले. शिंपल्याची नक्षी काय, खुंट्या काय, मी मोहून गेलो. आलं तेव्हा उलटं करून पाहिलं तर पाठच नाही. गोल पाठीचं वाद्य, त्यातली पाठ वजा. मी विकणाऱ्याला कळवलं, अहो, मागं एवढं भगदाड आहे. त्याचं उत्तर काय, "मागून फोटो तुम्ही मागितला नव्हता." आणि खाली ते, जसं आहे तसं, परत घेतलं जाणार नाही.

तिसरं आलं ते अखंड. मी नाचलो. तारा चढवल्या, पीळ देत गेलो, सूर वर सरकत गेला, आणि वरची फळी हळूहळू आत बसायला लागली… तव्यावर भाकरी फुगते ना, त्याच्या उलट. मी पटकन तारा ढिल्या केल्या म्हणून ते जगलं. पण आवाज? मच्छर बरा.

सोनाजी काका, म्हणजे प्रमोददादाचे वडील, बाजेवर बसून हे सगळं बघायचे. जन्मभर हळद पिकवली आणि मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, नेऊन विकली. ते म्हणाले, "बैल घेताना दात पाहतेत, चालवून पाहतेत, शेपूट पिरगाळून पाहतेत. तू फोटो पाहून घेऊन राहिला. फोटो पाहून लोक सोयरीक बी करत न्हाईत आता."

आणि एवढ्या सगळ्यात खरी कमाल कोणाची, तर आकांक्षाची. काकांची शेंडेफळ, अकरावीत शिकते, जिभेला धार. त्या बसक्या मँडोलिनवर, ढिल्या तारांवर, पोरगीनं अख्खं गाणं बसवलं. ऐकू काही येत नव्हतं, पण बोटं बघाल तर एक चुकत नव्हतं. मी म्हटलं, अगं, तुला कळतं कसं सूर बरोबर लागला ते? म्हणाली, "दादा, मला मनात ऐकू येतं. तू फकस्त बाहेर ऐकू येईल असं काहीतरी आण."

आता तुम्हीच सांगा, अशी पोरगी समोर बसलेली असताना माणूस हार कसा मानेल?

आणि सापडलं. जर्मनीतल्याच एका गावचं, तसल्याच कामकऱ्यांच्या संघातलं. आणि फोटो नाही, व्हिडिओ. एक म्हातारा खुर्चीत बसून ते वाजवून दाखवतोय. मान सरळ, पाठ भरलेली, आवाज असा की आत्या चुलीजवळून उठून आली आणि म्हणाली, "पुन्हा लाव." लिलाव संपणार रविवारी भरदुपारी. मी पैशांची सगळी जमवाजमव केली, आणि घरच्या गटावर लिहिलं: रविवारी दुपारी आपली हर्राशी आहे, सगळ्यांचं लक्ष असू द्या. लक्ष असू द्या, एवढंच. कारण खाती सगळ्यांच्या फोनवर मीच उघडून दिली होती ना… चांगलं मँडोलिन दिसलं की कळवा म्हणून. मी गावाला डिजिटल करत होतो. माझ्यासारख्या माणसाला गावात येऊच देऊ नये.

रविवार उजाडला. मी खोलीत दार लावून बसलो. बोली टाकली. लगेच कोणीतरी वर. तिथं नावं झाकलेली असतात, एक अक्षर आणि पुढं चांदण्या. मी वर गेलो. तो वर. माझ्या डोळ्यासमोर माणूस उभा राहिला, कोणी परदेशी शेठ, पांढरी दाढी, भिंतीवर पंचवीस मँडोलिन टांगलेली आणि एकही वाजवता येत नाही. मी म्हटलं, शेठ, तू टांगशील, आमची पोरगी वाजवेल. वर गेलो. तो वर. मग अजून एक कोणी घुसला. दोन शेठ! मी दात-ओठ खाऊन जे होतं-नव्हतं ते लावलं, आकांक्षाचं नाव घेऊन लावलं… आणि शेवटच्या क्षणाला पहिला शेठ माझ्या डोक्यावरून निघून गेला. संपलं.

मी फोन खाली ठेवला. आणि बाहेरून, अंगणातल्या लिंबाच्या झाडाखालून, टाळ्या ऐकू आल्या.

बाहेर आलो तर बाजेवर सोनाजी काका फोन घेऊन, शेजारी प्रमोददादा दुसरा फोन घेऊन, आत्या उभी. काकांचं तोंड असं फुललेलं. म्हणाले, "आयुष, पडू दिलं न्हाई बरं का. कोण एक हरामखोर सारखा मदी मदी येऊन राहिला व्हता, पर आमी बापलेकानं त्याला हाटवलं."

मी म्हटलं, "काका, तो हरामखोर मी होतो."

काकांनी फोन बाजेवर ठेवला. म्हणाले, "तू? आपल्याच मालावर तू काहून बोली लावून राहिला?"

"काका, माल आपला नव्हता. आपण घेत होतो."

"घेत व्हतो?" काका म्हणाले. "हर्राशीत?"

तुम्हाला सांगतो, मला राग यायला पाहिजे होता, आणि येईचना. कारण मोंढ्यात काय असतं? हळदीचा ढीग ओततात, व्यापारी भोवती उभे राहतात, आणि ढीग ज्याचा, त्याचे भाऊबंद मागं उभे राहून ओळखीच्या खरेदीदाराला कोपर मारतात, अजून एक बोली टाक की लेका. आपल्या माणसाचा माल स्वस्तात जाऊ द्यायचा नाही, हा धर्म. काका जन्मभर ढिगाच्या त्याच बाजूला उभे राहिले. हर्राशी म्हणजे आपल्या हातून काहीतरी जातं. हर्राशीत आपल्याला काही मिळतं, हे आमच्या घरात कोणाला कधी दिसलंच नव्हतं, आणि मी जर्मनीतून येऊन त्यांना खातं उघडून दिलं, हे शिकवायचं राहिलं.

पुढचं काय सांगू. काकांकडं ना कार्ड, ना तेवढी ऐपत. पैसे भरले नाहीत म्हणून काकांचं खातं बंद, एकाच घरातून एकमेकांवर बोली लावली म्हणून प्रमोददादाचं बंद, आणि त्याच कारणानं माझंही बंद. मी पानभर विनवणी केली, मोंढा समजावून सांगितला, हळद समजावून सांगितली. उत्तर आलं, नियम म्हणजे नियम. ते मँडोलिन पुन्हा लिलावात आलं आणि मी काचेबाहेर उभा राहिल्यासारखा बघत बसलो. पहिल्याच बोलीत गेलं. पहिल्या! दुसरा कोणी आलाच नाही. जगात ते पाहिजे असलेली माणसं आमच्याच लिंबाखाली होती.

प्रमोददादा टोचून बोलला नाही. एवढंच म्हणाला, "वाजलं न्हाई ना. मंग." आणि डीजेची वर्गणी कमी पडत होती, तर म्हणाला, "तुझे ते तीन डबे दे. समाजमंदिरात हर्राशी करू." मी संतापात म्हटलं, घेऊन जा.

हर्राशीत मोडक्या मानेचं गेलं, बिनपाठीचं गेलं, आणि कसं गेलं, तर चढत चढत. गाव म्हणत होतं, आपल्या पोराचा माल आहे, पडू द्यायचा न्हाई. तिसरं, ते बसकं, आकांक्षानं हातात धरलेलं. प्रमोददादा म्हणतो, खाली ठेव. ती ठेवेना. नुसती माझ्याकडं बघायला लागली.

मी बोली टाकली.

आणि मागून आवाज आला, अजून एक वर. वळून बघतो तर काका. मी म्हटलं, "काका, मी घेतोय ते. आकांक्षासाठी घेतोय." काका म्हणाले, "घे की. तुलाच घ्यायचं हाय. पर पडू कसं देऊ?" मी वर, काका वर, मी वर, काका वर… शेवटी आत्यानं काकांचा हात धरून खाली बसवलं तेव्हा मी जिंकलो. जन्मात पहिल्यांदा मी लिलाव जिंकलो, माझंच वाद्य, आणि प्रमोददादा माझ्याच तोंडचं वाक्य मला ऐकवतो, "जसं हाय तसं, वापस घेणार न्हाई." त्या पैशात डीजे आला. गेल्या वर्षीपेक्षा मोठा.

मिरवणुकीत सगळ्यात पुढं आकांक्षा होती. निळा फेटा, छातीशी ते बसकं मँडोलिन, ढिल्या तारा, बोटं एक चुकत नव्हती, आणि मागं तो डीजेचा ट्रक. मी तिच्या कानाशी वाकून ओरडलो, तुला तरी ऐकू येतंय का काही? ती ओरडली, "न्हाई दादा. पर ते चांगलं भेटलं असतं तरी या ट्रकाम्होरं काय ऐकू आलं असतं?"

तेवढ्यात काका गर्दीतून वाट काढत आले. डोळ्यात पाणी. पोरीच्या बोटांकडं बघत, मला मिठी मारून, ट्रकाच्या वरताण आवाजात म्हणाले, "आयुष, म्या उगीच नावं ठेवली रे. काय आवाज हाय तुझ्या यंत्राला!"

मी म्हटलं, काका, जसं आहे तसं.