वळणावरचं मीठ

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, माननीय नगराध्यक्ष. मुख्य कचेरीतून एवढा लांबचा प्रवास करून आलेले प्रमुख पाहुणे, वनखात्याचे मोठे साहेब. आजचे सत्कारमूर्ती, आपले वनाधिकारी साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब. व्यासपीठावरील इतर मान्यवर. वनखात्यातली सगळी मंडळी. आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला पाठ लावून उभे असलेले माझे मित्र, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘प्रसिद्ध उद्योजक’ अशी करून दिली. त्यांचा उत्साह मी समजू शकतो. मी मिठाच्या विटा पाडतो. आधी दुसऱ्याच्या गोदामात मिठाची पोती वाहत होतो, मग स्वतःच्या गोदामात वाहायला लागलो, आता दुसरे वाहतात आणि मी कंबर धरून बसतो. प्रगती म्हणायची ती एवढीच. पण त्या पोत्यांनी मला एक गोष्ट दिली. डोक्यावर पोतं असलं की माणसाचं तोंड दिसत नाही. ज्याचं तोंड दिसत नाही, त्याच्यासमोर लोक वाटेल ते बोलतात. माझे कान तेव्हा तयार झाले ते झाले. मगाशी पुष्पगुच्छ देण्याचा कार्यक्रम चालू असताना सत्कारमूर्ती अध्यक्षांच्या कानाशी लागून म्हणाले, “याचं जरा आटोपतं घ्या.” घेतो, साहेब. फार वेळ लावणार नाही.

आजचा प्रसंग गौरवाचा आहे, तेव्हा आधी गौरव. आणि तो खोटा नाही. साहेब इथे आले तेव्हा आपल्या जंगलातली हरणं खंगलेली होती. नरांची शिंगं खुरटी, माद्यांच्या अंगावर दूध नाही. पालवी फुटते तेव्हा कोवळा चारा भरपूर असतो, पण तो पाणचट. त्यात मीठ नसतं. मग हरणं खत टाकलेल्या शेतात शिरतात, माती चाटतात, रस्त्यावर येतात. हे मला साहेबांनी शिकवलं. ते स्वतः माझ्या कारखान्यात आले. गुरांना चाटायला ठेवतात त्या चाटण विटा मी करत होतो, त्यातली एक त्यांनी उचलली आणि सगळ्या कामगारांसमोर चक्क जिभेला लावली.

“खारट आहे,” म्हणाले.

मी म्हटलं, “साहेब, मिठाची आहे.”

हसलो दोघं. मग आम्ही हरणांसाठी वेगळी वीट केली. मीठ, शिंगांना आणि हाडांना लागणारी खनिजं, चवीला थोडी उसाची मळी. आत ओढ्याच्या वरच्या अंगाला, रस्त्यापासून लांब, एका आडव्या ओंडक्यावर पहिली वीट ठेवली. झुडपाआड दोघं बसलो. मुंग्या चावत होत्या. एक मादी आली, तिनं वास घेतला, मागे सरली, पुन्हा आली आणि चाटायला लागली. साहेबांनी माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठला. त्या माणसाचा मी आजही चाहता आहे. वहिनीसाहेब, हे मी तुमच्यासमोर मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल की मी वैरानं बोलतो आहे. तसं नाही. वैरी असतो तर घरी बसलो असतो.

तर त्या माणसाचं पुढे काय झालं?

वळणावरच्या विश्रामगृहाला काचेची खोली बांधली, हे झालं. आपण सगळे ती खोली ओळखतो. गुबगुबीत खुर्च्या, भिंतीभर काच. पाहुणे येऊ लागले, काचेला नाक लावून बसू लागले, आणि हरणं काही दिसेनात. दिसणार कशी? ती आत ओढ्यावर होती, जिथे असायला हवीत तिथे. पाहुणे कुरकुरले. कुरकुर वर गेली. आणि एके दिवशी चाटण वीट ओढ्यावरून उठली आणि काचेखालच्या उतारावर आली. मध्ये रस्ता. जंगल रस्त्याच्या पलीकडे, मीठ अलीकडे. दिवे लागायच्या वेळी हरणं खुशाल रस्ता ओलांडून यायला लागली, आणि वरती टाळ्या.

मी साहेबांच्या कचेरीत गेलो. म्हटलं, “साहेब, तिथे वळण आहे. गाडीवाल्याला शेवटपर्यंत काही दिसत नाही.”

“तुम्ही विटा करा हो,” साहेब म्हणाले. “जंगल बघायला आम्ही आहोत ना.”

“पण आपणच म्हणाला होतात, रस्त्यापासून लांब…”

“तेव्हा खोली नव्हती,” साहेब म्हणाले.

अध्यक्षमहाराज, मी विटा देणं बंद केलं. खात्यानं दुसरीकडून घेतल्या. मीठ काय, कुणाचंही खारटच असतं.

आता तिसऱ्या ओळीत माझी थोरली बहीण बसली आहे. तिच्याकडे सगळ्यांनी एकदम वळून बघू नका, तिला आवडत नाही. तुम्ही तिला दूधवाली ताई म्हणता. भावजी गेल्यावर तिनं व्हॅन चालवायला शिकून घेतली. वरच्या वस्तीचं दूध खाली आणते आणि त्या दुधावर अर्ध्या गावाचा चहा होतो. या सभागृहात आज आल्या-आल्या जो चहा प्यायलात, तो काळा का होता, याचा कुणी विचार केला का? दूध नव्हतं म्हणून. दूध का नव्हतं? व्हॅन वनखात्याच्या आवारात, झाडाखाली, जप्त होऊन उभी आहे म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, वा, काळा चहा, प्रकृतीला चांगला.

ताई नेहमीच्याच वेगानं येत होती. तिचा वेग मला माहीत आहे, तिच्या मागे बैलगाडी हॉर्न वाजवते. वळणावर एक मोठा नर उतारावरून उठला आणि जंगलाकडे झेपावला तो थेट व्हॅनच्या पुढच्या काचेवर आला. व्हॅन खड्ड्यात. ताईच्या उजव्या खांद्याजवळचं, गळपट्टीचं हाड मोडलं. नर तिथेच गेला. तोंडाला अजून मीठ लागलेलं होतं. हे मला ताईनं सांगितलं. मोडक्या हाडानं ती त्याच्याजवळ बसून राहिली होती, कोणी येईपर्यंत. दवाखान्यात मला पहिलं वाक्य म्हणाली, “बारक्या, मी त्याला बघितलंच नाही रे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वीट उचलली गेली. मग पाहणी झाली. मग अहवाल झाला. अहवालात काय आहे? घटनास्थळी कोणतंही चाटण नाही, वाहन भरधाव, चालकाचा निष्काळजीपणा, वन्यप्राण्याची हत्या. खाली सही, आजच्या सत्कारमूर्तींची.

ती काचेची खोली झाडणारे इथे आहेत. तिथे फोटो काढून दुकानात लावणारे इथे आहेत. पाहुण्यांना “या, आमची हरणं बघा” म्हणून घेऊन जाणारे तर पहिल्याच ओळीत आहेत. वीट होती की नव्हती, हे तुम्हाला ठाऊक नाही? एक तोंड उघडलं नाही. ताई दारोदार विचारत फिरली, तर काय ऐकलं तिनं? “ताई, आमचं नाव कशाला?” ज्या बाईनं तुमच्या घरची आजारपणं चालू असताना भर पावसात दूध पोचवलं, तिला हे उत्तर. शरम वाटते मला, आणि मी याच गावचा आहे म्हणून जास्त वाटते.

मी पुन्हा साहेबांकडे गेलो. म्हटलं, “साहेब, तिथे चाटण आहे. आजही आहे.”

“वीट दाखवा,” म्हणाले. “वीट नाही तर चाटण नाही.”

साहेब, हे तुम्ही मला सांगता? तुम्हीच शिकवलंत मला. वीट पावसानं विरघळते, मीठ जमिनीत मुरतं, आणि वीट उचलली तरी हरणं त्या जागेवर वर्षानुवर्षं येत राहतात. ती आता माती चाटतात. चाटून-चाटून, खुरांनी उकरून तिथे गुडघाभर खोल खळगा झाला आहे. काल मी बघून आलो. एक मादी मान खाली घालून त्यात चाटत होती, पाडस रस्त्याच्या मधोमध तिची वाट बघत उभं होतं. हरणाची जीभ अहवाल वाचत नाही, साहेब.

उद्यापासून साहेब आपल्यासारखेच साधे नागरिक. अहवाल मात्र राहील. पुढच्या आठवड्यात ताईच्या परवान्याची सुनावणी आहे, आणि ज्यानं अहवाल लिहिला तोच तो दुरुस्त करू शकतो, तोही खुर्चीवर असेपर्यंत. खुर्ची आजच्या दिवसाची. म्हणून हे मी निरोपाच्या भाषणात बोलतो आहे. मलाही हौस नव्हती.

आता थोडं माझ्या कानांबद्दल. मगाशी स्वागतगीत चालू होतं. गाणाऱ्या मुलींनी सुंदर म्हटलं, त्यांची क्षमा मागतो, मी ते ऐकलं नाही. मी व्यासपीठावरचं ऐकत होतो. प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, “मुक्काम काचेच्या खोलीतच ना? हरणं दिसतील?” सत्कारमूर्ती म्हणाले, “दिसतील म्हणजे काय, रोज येतात. कार्यक्रम आटोपला की लगेच निघू.” आणि मग जरा वाकून म्हणाले, “फक्त ड्रायव्हरला सांगा, वळणावर गाडी अगदी हळू घ्यायला. तिथे हरणं आडवी येतात.”

आडवी येतात. मोठ्या साहेबांच्या गाडीला आडवी येतात. दुधाच्या व्हॅनला येत नाहीत. तिथे चालक भरधाव असतो.

ही एक ओळ, साहेब, एवढी एकच ओळ तुम्ही पाटीवर रंगवून वळणावर लावली असतीत तर तो नर जगला असता. अहवालात लिहिली असतीत तर माझी बहीण आज मान वर करून इथे बसली असती.

प्रमुख पाहुणे, आपण मोठे अधिकारी, मी मीठवाला. माझी ऐकण्यात चूक झाली असेल तर आपण इथेच, या माइकवर, नाही म्हणा. मी थांबतो.

थांबलो आहे.

आपण नाही म्हणाला नाहीत. मी आपला आभारी आहे. आणि साहेब, आपणही खाली बघू नका. त्या दिवशी झुडपाआड ज्या हातानं माझा हात धरलात, त्याच हातानं आज दुरुस्त अहवालावर सही करायची आहे, दुसरं काही नाही.

बाकी राहिली ती माती. ती उकरून काढावी लागेल, आत ओढ्यावर नेऊन टाकावी लागेल, म्हणजे हरणं तिकडे वळतील. बाहेर माझा टेम्पो उभा आहे, त्यात फावडी आहेत, घमेली आहेत. सभागृहातल्या सगळ्यांना पुरतील इतकी आणली आहेत. ज्यांनी तोंड उघडलं नाही त्यांनी निदान हात चालवावेत. जेवण थोडं थांबेल. हरणं यायच्या आत काम झालं पाहिजे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, दोनदा घंटेकडे हात नेऊनही वाजवली नाही, त्यांचे आभार. वहिनीसाहेब, आपला दिवस मी कडू केला, त्याबद्दल आपली वेगळी क्षमा मागतो. भाषेत, मानपानात, नावं घेण्याच्या क्रमात काही चुकलं असेल तर शिकला नाही म्हणून सोडून द्या. मजकुरात काही चुकलेलं नाही.

आणि ताई, सकाळी तू म्हणालीस, “बारक्या, तोंड सांभाळ, माणसाचा निरोप आहे.” सांभाळलं. एकही शिवी दिली नाही. आता चल, पहिलं फावडं तू धर. डाव्या हातानं.